हौशी आणि धंदेवाईक

आपल्या मराठीत ‘हौस’ हा शब्द मोठा लाडका आहे. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो आणि ज्याने एखादी गोष्ट केवळ हौसेखातर केली त्याच्याकडे कौतुकाने पाहतो. ‘धंदेवाईक’ हा शब्द उच्चारताना मात्र आपली जीभ किंचित जड होते. तोच राग, तेच नाटक, तोच खेळ. पण त्यापायी कोणी पैसे घेतले की त्या कलेतून किंवा त्या खेळातून काहीतरी पवित्र निघून गेले, असे आपल्याला वाटू लागते. त्यातही हा मनुष्य पैशासाठी परदेशी जाऊन परक्यांच्या संघाकडून खेळू लागला, तर मग विचारावयासच नको! त्याच्या निष्ठेविषयी चार तोंडांनी चार शंका निघतात.

ही शंका कितपत रास्त आहे, हे इतिहासाच्या आधाराने पाहावे, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे. त्यासाठी आपण म्हैसूर या नगरीपासून आरंभ करू. या शहरात दोन प्रकारचे धंदेवाईक खेळाडू पाहावयास मिळतात. एक राजाच्या आश्रयाला असलेला, पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी राहिलेला. दुसरा करारपत्रावर सही करून सातासमुद्रापलीकडे गेलेला. या दोघांच्या मधल्या काळात जे घडले, तोच आपला विषय.

पहिल्या प्रकारचे खेळाडू म्हणजे म्हैसूरचे जेट्टी. राजा वडियार यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टण येथे दसऱ्याचा उत्सव सुरू केला. पुढे राजधानीबरोबर तो म्हैसूरला आला. विजयादशमीच्या दिवशी हत्तीची मिरवणूक निघण्यापूर्वी राजवाड्याच्या आतल्या चौकात ‘वज्रमुष्टी काळग’ नावाची लढत होते. डोके मुंडन करून शेंडीपुरते केस राखलेले मल्ल लंगोट कसून मातीत उतरतात. त्यांच्या उजव्या मुठीत बोटांवर चढविलेले अणकुचीदार दातांचे एक साधन असते, तीच वज्रमुष्टी. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत संपते. कित्येकदा ती एक-दोन मिनिटांतच संपते. राजसत्ता गेली, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. परंतु ही लढत एकविसाव्या शतकातही बंद पडलेली नाही.

जेट्टींचा हा पिढीजात पेशा होता. ते कुस्ती शिकवीत, निखळलेली हाडे बसवीत आणि राजवाड्याच्या आश्रयाने जगत. आपल्याकडे कोल्हापूरला शाहू महाराजांनी मल्लांना असाच आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. या मल्लांचा खुराक दरबारातून चाले. आता प्रश्न असा, की या मल्लाला आपण हौशी म्हणावयाचे की धंदेवाईक? तो पोटासाठी लढत होता, यात संशय नाही. परंतु त्याला कोणी धंदेवाईक म्हटले नाही, कारण त्याच्या पोटाला मिळणाऱ्या भाकरीचे नाव वेतन नव्हते, आश्रय होते. आश्रयात मान असतो. मात्र त्यात करार नसतो, मुदत नसते आणि तक्रारीला जागा नसते. राजाची मर्जी होती तोवर खुराक होता. मर्जी फिरली तर मल्लाने जावे कोठे?

वेतन घेणाऱ्या खेळाडूची अवस्था काय होती, हे पाहण्यास आपल्याला पुण्यास यावे लागेल. धारवाडला जन्मलेले पाळवणकर बाळू हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे जिमखान्यात महिना चार रुपयांवर नोकरीस होते. खेळपट्टी राखावयाची, जाळी उभारावयाची आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकावयाचे, हे त्यांचे काम. हिंदुस्थानात त्या काळी त्यांच्या तोडीचा डावखुरा फिरकी गोलंदाज नव्हता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही पुण्यातील हिंदूंच्या क्लबात, ज्या संघासाठी ते सामने जिंकून देत, त्याच संघाचे लोक त्यांना चहा मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यातून देत. कारण बाळू चांभार समाजातले होते. त्यांच्या गोलंदाजीवर सर्वांचा हक्क होता, पण पंगतीत त्यांना जागा नव्हती.

आपल्याकडे जी रेघ जातीने आखली होती, तशीच एक रेघ इंग्लंडात पैशाने आणि कुळाने आखली होती. तेथे ‘जंटलमन’ म्हणजे हौशी आणि ‘प्लेअर’ म्हणजे पगारी, अशी खेळाडूंची सरळसरळ वाटणी असे. १८०६ पासून या दोन वर्गांचे सामनेही एकमेकांविरुद्ध होत. हौशी खेळाडू एका दाराने मैदानात येई, पगारी दुसऱ्या दाराने. धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापीत आणि पगारी खेळाडूची आडनावानंतर. मौजेची गोष्ट अशी, की त्या काळचा सर्वात थोर ‘हौशी’ खेळाडू ग्लॉस्टरशायरचा डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस याने क्रिकेटवर जितका पैसा मिळविला, तितका त्याच्या काळच्या कोणाही पगारी खेळाडूने मिळविला नसेल. म्हणजे भेद पैसे घेण्या-न घेण्याचा नव्हताच. ते कोणत्या दाराने आत येऊन घेतले, एवढाच होता. ही वाटणी १९६२ साली रद्द झाली. ग्लॉस्टरशायरचे नाव मात्र आपण ध्यानात ठेवू, कारण म्हैसूरचा एक तरुण पुढे त्याच संघात जाणार आहे.

इंग्लंडात पगारी खेळाडूला खऱ्या अर्थाने पाहुणचार मिळाला तो लॉर्ड्‌सच्या हिरवळीवर नव्हे, लँकेशायरच्या गिरणगावांत. नेल्सन, कोल्न, हॅस्लिंग्डेन, रॉटेनस्टॉल, रिश्टन ही गावांची नावे आपल्या कानांना अपरिचित वाटतील. पण या गावांचे आणि आपले नाते जुने आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा याच भागातील गिरण्यांना आपल्या वऱ्हाड-खानदेशातील कापूस लागला. त्यांचे कापड आपल्या बाजारात येई. १९३१ साली विलायती कापडावरील बहिष्काराने तेथील मजूर बेकार झाले असताना गांधीजी मुद्दाम त्यांना भेटावयास गेले होते. असे हे गिरणी कामगारांचे मुलूख. तेथील क्रिकेटक्लबांनी मिळून १८९२ मध्ये लँकेशायर लीग स्थापन केली.

या लीगचा एक नियम फार महत्त्वाचा होता. प्रत्येक क्लबाने एकच पगारी खेळाडू ठेवावयाचा. बाकीचे दहाजण गिरणीत, दुकानात, शाळेत नोकरी करणारे गावकरी. शनिवारी दुपारी भोंगा होऊन गिरणी सुटली की सारे गाव मैदानावर लोटे आणि प्रत्येकाची दृष्टी त्या एका पगारी खेळाडूवर खिळे. त्याने एका टोकाने जवळजवळ अखंड गोलंदाजी करावयाची, फलंदाजीत धावा काढावयाच्या आणि आठवड्यातील मधल्या संध्याकाळी गावातल्या पोरांना खेळ शिकवावयाचा. त्याचे अर्धशतक झाले किंवा गोलंदाजीत मोठा पराक्रम घडला, की प्रेक्षकांतून टोपी फिरे आणि गिरणी कामगार आपल्या मजुरीतून तीत नाणी टाकीत. ही नाणी पगारापेक्षा वेगळी. पण टोपी फिरण्यासाठी आधी पराक्रम घडावा लागे. पाऊस आला, पाय मुरगळला, चेंडू बॅटीच्या कडेला लागून झेल गेला, तरी पुढच्या शनिवारी गाव हिशेब मागणारच.

परक्या माणसाला हे जीवन किती अवघड असेल, याची कल्पना करता येते. एप्रिलच्या गारठ्यात बोटे बधिर होतात. संध्याकाळ लांबच लांब असते आणि बोलावयास आपल्या भाषेचे कोणी नसते. परंतु या जीवनाची दुसरीही एक बाजू आहे. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ मध्ये नेल्सनला आला, तेव्हा त्या गावातील बऱ्याच लोकांनी कृष्णवर्णी मनुष्य पाहिलाच नव्हता. तो नऊ मोसम तेथे खेळला आणि त्यातले सात मोसम नेल्सनने लीग जिंकली. त्याच कॉन्स्टंटाइनला १९४३ मध्ये लंडनच्या इंपीरियल हॉटेलने रंगावरून राहू दिले नाही, तेव्हा त्याने न्यायालयात दावा लावला आणि १९४४ मध्ये तो जिंकला. पुढे १९६९ मध्ये तो ब्रिटिश उमरावसभेचा सभासद झाला. राजधानीने जे आदरातिथ्य नाकारले, ते एका गिरणगावाने त्याला नऊ वर्षे दिले होते.

याच वाटेने आपले खेळाडू गेले. जामनगरचे अमरसिंग १९३५ मध्ये कोल्न क्लबाकडे गेले. लाला अमरनाथ १९३८ च्या सुमारास नेल्सनला होते. सांगलीला जन्मलेले विजय हजारे यांची कथा तर आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. त्यांचा आरंभीचा काळ देवासच्या महाराजांच्या आश्रयाने गेला आणि पुढे त्यांना बडोद्याच्या गायकवाडांचा आश्रय मिळाला. म्हणजे म्हैसूरचा जेट्टी आणि कोल्हापूरचा मल्ल ज्या छत्राखाली वाढला, त्याच छत्राखाली हा फलंदाज वाढला. देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली आणि हजारे रॉटेनस्टॉल क्लबाचे पगारी खेळाडू म्हणून लँकेशायरला गेले. दरबाराचा खेळाडू कराराचा खेळाडू झाला. त्यामुळे त्यांच्या चारित्र्यात काही उणे आले काय? त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला आपला पहिला कसोटी विजय मिळविला.

आणि त्याच वर्षी आपल्या प्रश्नाची खरी परीक्षा झाली. मद्रासच्या त्या विजयात विनू मांकड यांचे बारा बळी होते. उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणार होता. मांकडांना हॅस्लिंग्डेन क्लबाकडून त्या मोसमाचा करार आला होता. आपली निवड निश्चित आहे एवढे आश्वासन मिळाले तर आपण करार सोडू, असे त्यांचे म्हणणे होते. ते आश्वासन नियामक मंडळाने दिले नाही. मांकडांनी करारावर सही केली आणि संघ त्यांच्यावाचून इंग्लंडला गेला. जूनमध्ये लीड्‌सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावाच्या आरंभी, धावफलकावर एकही धाव लागलेली नसताना भारताचे चार गडी बाद झाले होते. ते दृश्य आजही आपल्या क्रिकेटच्या इतिहासातील लज्जेचे पान समजले जाते. तेव्हा कोठे मंडळाला मांकड आठवले, आणि हॅस्लिंग्डेन क्लबाने त्यांना उरलेल्या कसोटींसाठी मोकळे केले.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. लॉर्ड्‌सवर मांकडांनी पहिल्या डावात ७२ धावा केल्या, मग ७३ षटके टाकून ५ बळी घेतले आणि लागलीच पुन्हा सलामीला जाऊन १८४ धावा काढल्या. सामन्यात त्यांनी एकूण ९७ षटके टाकली. भारत तो सामना हरला. पण लोक आजही त्याला मांकडांची कसोटी म्हणतात. एका लहानशा गिरणगावाच्या क्लबाने आपला एकुलता एक पगारी खेळाडू मोसमाच्या ऐन मध्यावर परक्या देशाला दिला, हेही आपण विसरू नये. शिवाय याच मालिकेत इंग्लंडचे कप्तानपद लेन हटनकडे होते आणि विसाव्या शतकात इंग्लंडने आपले नेतृत्व एका पगारी खेळाडूकडे सोपविण्याची ती पहिलीच वेळ होती. इंग्लंडात पगारी माणूस कप्तान होत असताना आपण आपल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूला, त्याने पोटाची तरतूद केली म्हणून, दूर ठेवले होते.

या प्रसंगात निष्ठेचा प्रश्न कोणी निर्माण केला? खेळाडूने शब्द मागितला होता. ज्याने शब्द दिला त्याला तो बांधील राहिला. ज्याने दिला नाही, त्याने नंतर हाक मारताच तो आला आणि हाडे मोडेपर्यंत राबला. हौस आणि धंदा यांचे भांडण आपण समजतो तसे नाही, हे मांकडांनी लॉर्ड्‌सवर पाच दिवसांत दाखवून दिले.

काहीजण मात्र परतले नाहीत. मुंबईचे सुभाष गुप्ते, ज्यांच्या लेगस्पिनची तुलना आजही कोणाशी करावी हा प्रश्न पडतो, रिश्टनकडून लीगमध्ये खेळले. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात ओळख झालेल्या त्रिनिदादच्या तरुणीशी त्यांनी विवाह केला आणि खेळातून निवृत्त झाल्यावर ते त्याच बेटावर स्थायिक झाले. ३६ कसोटींत १४९ बळी घेणारा हा मराठी गोलंदाज २००२ मध्ये त्रिनिदादमध्येच निवर्तला. १९६८ मध्ये इंग्लंडच्या काउंटी संघांना वास्तव्याची अट न घालता परदेशी खेळाडू घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा दादरचे फरोख इंजिनियर लँकेशायर काउंटीकडे गेले. १९७६ पर्यंत ते त्या संघाचे यष्टिरक्षक होते आणि पुढेही त्यांनी आपले घर तेथेच ठेवले. परदेश हा कोणासाठी एका मोसमाचा मुक्काम ठरतो, कोणासाठी जन्माचा. जाताना ते कोणालाच ठाऊक नसते.

आता आपण म्हैसूरला परत जाऊ. राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले आणि त्याच मोसमात, म्हैसूर हे नाव टाकून नवे नाव घेतलेल्या संघाने मुंबईची रणजी करंडकावरील पंधरा वर्षांची सत्ता मोडली. मुंबईकरांना तो घाव अजून आठवत असेल. त्या वेळी म्हैसूर शहरात एक चार वर्षांचा मुलगा वाढत होता. त्याचे नाव जवगल श्रीनाथ. मरिमल्लप्पा हायस्कूलमध्ये त्याचे शिक्षण झाले आणि पुढे शहरातीलच श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालयात तो शिकला. ज्या घरात मुलाने इंजिनियर व्हावे हीच स्वाभाविक अपेक्षा असते, तशा मध्यमवर्गीय वातावरणातून हा वेगवान गोलंदाज आला. १९८९-९० च्या मोसमात रणजीच्या पहिल्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध त्याने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. १९९१ च्या अखेरीस ब्रिस्बेनला तो प्रथम कसोटी खेळला.

परंतु मायदेशातील खेळपट्ट्यांवर तेव्हा फिरकीचे राज्य होते आणि नवा चेंडू कपिल देवच्या हातात होता. मायदेशात पहिली कसोटी खेळावयास श्रीनाथला नोव्हेंबर १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. ऐन उमेदीची तीन वर्षे अशी गेली. मग १९९५ च्या उन्हाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. ग्लॉस्टरशायरचा ठरलेला परदेशी गोलंदाज कोर्टनी वॉल्श आपल्या देशाच्या संघात गेला आणि ती रिकामी जागा श्रीनाथला मिळाली. डॉ. ग्रेसच्या काउंटीत म्हैसूरचा इंजिनियर पगारी गोलंदाज म्हणून दाखल झाला.

काउंटीचा मोसम हा वेगवान गोलंदाजाच्या सहनशक्तीचा अंत पाहणारा असतो. चार दिवसांचा सामना संपतो न संपतो तोच मोटारीत सामान टाकून दुसऱ्या गावी जावयाचे. त्या काळी मध्येच रविवारी मर्यादित षटकांचा सामना असे. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत हा फेरा थांबत नाही. परदेशी खेळाडूला तर विश्रांती मागण्याचाही संकोच, कारण विश्रांतीसाठी त्याला आणलेले नसते. त्या एका मोसमात श्रीनाथने ८७ प्रथमश्रेणी बळी घेतले, सरासरी प्रत्येकी १९ धावांच्या आसपास. ग्लॅमॉर्गनविरुद्ध एका डावात ७६ धावांत ९ बळी, हा त्याच्या प्रथमश्रेणी कारकीर्दीतील सर्वोत्तम पराक्रमही याच उन्हाळ्यातला. ज्याला घरच्या मैदानावर चेंडू मिळत नव्हता, त्याला परक्या मैदानावर तो दिवसभर मिळाला आणि त्याने त्याचे सोने केले.

या ८७ बळींनी त्याला काय दिले? नोकरी कायम झाली नाही; पुढील वर्षी वॉल्श परत आला आणि जागा त्याची होती ती त्याला मिळाली. बदली कामगाराने कितीही चांगले काम केले तरी मूळचा माणूस हजर होताच त्याने उठावयाचे, हा गिरणीतला नियम इथेही लागू पडतो. पण श्रीनाथ परतला तो निराळा गोलंदाज होऊन. रोज टाकल्यानेच जी कळते, अशी चेंडूच्या टप्प्याची विद्या त्याने तेथे कमावली. पुढे भारताच्या वेगवान माऱ्याचा भार कित्येक वर्षे त्याने एकट्याने वाहिला. १९९९ मध्ये कलकत्त्याला पाकिस्तानविरुद्ध त्याने एका कसोटीत १३ बळी घेतले. ६७ कसोटींत २३६ आणि एकदिवसीय सामन्यांत ३१५ बळी, ही त्याची अखेरची गणती.

या हिशेबाला एक खर्चाची बाजूही आहे. १९९७ मध्ये श्रीनाथचा खांदा निकामी झाला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि वेस्ट इंडीजचा दौरा हुकला. खांद्याची झीज कोणत्या सामन्यातील कोणत्या चेंडूने झाली, हे कोणी सांगू शकणार नाही; देशासाठी टाकलेले चेंडू आणि काउंटीसाठी टाकलेले चेंडू असा भेद खांदा करीत नाही. धंदेवाईक खेळाडूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. व्यापाऱ्याचे भांडवल वापराने वाढते, खेळाडूचे वापराने घटते. जमीनदाराला जमीन राहते, कारागिराला म्हातारपणीही हातातली कला राहते; वेगवान गोलंदाजाला पस्तिशीनंतर काय राहते? म्हणून जी दहा-बारा वर्षे हाती आहेत, त्यांत त्याने आपल्या श्रमाची योग्य किंमत मागितली तर तिला लोभ म्हणणे अन्यायाचे आहे. २००२ मध्ये कसोटीतून निवृत्ती पत्करून श्रीनाथ लेस्टरशायरकडे खेळावयास गेला. तरीही त्याच वर्षी भारतीय कप्तानाच्या आग्रहाखातर तो पुन्हा कसोटी खेळला आणि २००३ च्या विश्वचषकात अंतिम सामन्यापर्यंत भारताचा नवा चेंडू त्याच्या हातात होता. अर्धशतकापूर्वीच्या मांकडांप्रमाणेच हाही करारावर गेला होता आणि हाक येताच परतला होता.

हे केवळ क्रिकेटपुरते राहिलेले नाही. १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे एका व्यायामशिक्षकाने पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉलचा खेळ सुरू केला. ख्रिस्ती तरुणसंघाच्या शाखांमार्फत तो आपल्या देशातील शहरांत पोहोचला. शाळाकॉलेजांच्या अंगणात तो शंभर वर्षे हौसेने खेळला गेला; त्यावर पोट भरावे असा धंदा आपल्याकडे उभा राहिला नाही. म्हणून त्या खेळात पगारी होऊ पाहणाऱ्याला परदेशाखेरीज गती नव्हती. पंजाबातील एका लहान खेड्यातला सतनाम सिंग अमेरिकेत जाऊन शिकला आणि २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत नाव पुकारले गेलेला पहिला भारतीय ठरला. केरळची गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियातील क्लबाकडून खेळून आली. त्यांचे जीवनही लँकेशायरच्या त्या पगारी खेळाडूसारखेच. संघात परदेशी माणसाला जागा मोजकी, करार मोसमापुरता आणि अपेक्षा अशी, की जो इतक्या दुरून आणला त्याने स्थानिकांपेक्षा दुप्पट चांगले खेळलेच पाहिजे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर काय? जेट्टीला आश्रय होता, पण मर्जीवर. बाळूंना वेतन होते, पण पंगतीबाहेर. लँकेशायरच्या पगारी खेळाडूला घर सोडावे लागले, आपली भाषा आणि आपले अन्न यांना मुकावे लागले. पण त्याला एक कागद मिळाला. त्या कागदावर काम काय, दाम किती आणि मुदत केव्हापर्यंत हे लिहिलेले होते, आणि दोन्ही पक्षांनी खाली सही केलेली होती. राजाश्रयाच्या हजार वर्षांत आपल्या मल्लांना असा कागद कोणी दिला नव्हता. खेळाडूला मनुष्य म्हणून, श्रमिक म्हणून मिळालेली ही प्रतिष्ठा आहे. ती त्याने परदेशात जाऊन मिळविली, कारण ती त्याला घरी देण्याचे आपल्याला फार उशिरा सुचले.

हौसेचे मोल होत नाही हे खरेच. परंतु ज्याने आपला खांदा आणि आपली उमेदीची वर्षे पणाला लावली, त्याच्या श्रमाचे मोल होते आणि ते झालेच पाहिजे. एवढे मान्य केले, तर ‘धंदेवाईक’ हा शब्द उच्चारताना आपली जीभ जड होण्याचे काही कारण उरणार नाही.